सेजमॅथ आणि जुना कोड: दवंडी पिटतात, पण तेव्हा गावात असायला हवं

मेल एका ओळीचा होता. "तुमच्या पॅकेजनुसार तीन घटकांच्या ग्रुपमध्ये ऑर्डर २ चा एक घटक आहे. लग्रांजला कळवायचं का?"

लग्रांजचं प्रमेय विसरला असाल तर सांगते: घटकाच्या ऑर्डरने ग्रुपमधल्या घटकांच्या संख्येला पूर्ण भाग जातो. (ग्रुप म्हणजे ज्यातल्या घटकांचा आपसात गुणाकार करता येतो असा संच. एकक म्हणजे ज्याने गुणल्यावर काही बदलत नाही तो घटक. घटक स्वतःशी किती वेळा गुणला की एकक येतो, ती त्याची ऑर्डर.) २ ने ३ ला जात नाही. म्हणजे चूक कुणाची तरी होती, आणि लग्रांजची नक्कीच नव्हती.

माझं पॅकेज अगदी छोटं आहे. ते सेजमॅथ या गणिताच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि वापरणारे डझनभर असतील. क्वाड्रॅटिक फॉर्म म्हणजे ax² + bxy + cy² अशी राशी. ती (a, b, c) या तीन सहगुणकांनी लिहितात आणि b² − 4ac हा तिचा विवेचक. विवेचक दिला की त्याचे सगळे रिड्यूस्ड, म्हणजे ठरलेल्या साध्या रूपातले, क्वाड्रॅटिक फॉर्म यादीत देणारं एक फंक्शन त्यात आहे. विवेचक −२३ असेल तर तीन फॉर्म येतात: (१, १, ६), (२, १, ३) आणि (२, −१, ३). या तिघांचा मिळून एक ग्रुप होतो, त्याला क्लास ग्रुप म्हणतात, आणि (१, १, ६) हा त्यातला एकक घटक. फंक्शन हळू चालायचं म्हणून मी ते नव्याने लिहिलं. आधी बाहेरचं लूप पहिल्या सहगुणकावर होतं, ते मधल्या सहगुणकावर नेलं. वेग छान वाढला, फॉर्म तेच आले, फक्त यादीत पहिला आता (२, −१, ३) यायला लागला.

मेल पाठवणाऱ्या गृहस्थांचा कोड यादीतला पहिला फॉर्म एकक समजायचा. (२, १, ३) चा स्वतःशी गुणाकार करत राहायचं, पहिल्या फॉर्मशी जुळलं की थांबायचं, किती वेळा केलं ते मोजायचं. (२, १, ३) चा वर्ग (२, −१, ३) येतो, तो आता यादीत पहिला, त्यामुळे कोड दोनवरच थांबला. एरर नाही, वॉर्निंग नाही, उत्तर मात्र अशक्य. माझ्या चाचण्या सगळ्या पास होत्या, कारण त्यात मी −४ आणि −२० घेतले होते. या दोन्ही ठिकाणी मधला सहगुणक ० असलेला फॉर्म आधी येतो आणि नेमका तोच एकक असतो. नशीब असं दगा देतं.

"पहिला फॉर्म एकक असेल असं मी कुठेच लिहिलेलं नाही," असं उत्तर मी टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. लिहिलं नव्हतं हे खरं. पण माझ्याच उदाहरणात तो पहिला छापलेला होता, आणि माणसं उदाहरण वाचतात.

त्यानंतर मी ज्या सॉफ्टवेअरच्या जिवावर हे सगळं करते, ते हा प्रश्न कसा हाताळतं ते पहिल्यांदा नीट बसून पाहिलं. त्यामुळे हा सेजमॅथचा रिव्ह्यू असला तरी एकाच बाजूने आहे: आज लिहिलेला कोड तीन वर्षांनी चालेल का? इंटिग्रेशन किती चांगलं जमतं, आलेख कसे दिसतात, इन्स्टॉल करताना किती घाम फुटतो, यातलं काही इथे नाही.

ओळख थोडक्यात. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. भाषा पायथन, आणि पोटात पारी, गॅप, मॅक्सिमा अशी स्वतंत्र, जुनी, मुरलेली सॉफ्टवेअर्स. म्हणजे इथे जुनं सांभाळायचं तर फक्त स्वतःचं सांभाळून भागत नाही. खाली पायथन बदलतो, बाजूला पारी बदलतं, आणि वापरणाऱ्याला हे सगळं एकच वस्तू वाटत असतं.

आता जमेची बाजू. सेजमध्ये कोड लिहिणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका आहे तिच्यात नियम स्पष्ट आहे: एखादी सोय काढायची तर आधी डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे "हे लवकरच जाणार आहे" अशी सूचना, लावा आणि ती शक्यतो किमान एक वर्ष राहू द्या. नुसता नियम करून थांबलेले नाहीत, तो पाळणं सोपं जावं म्हणून हत्यारंही दिली आहेत. फंक्शनचं नाव बदललं तर जुनं नाव नव्याकडे वळवणारी एक ओळ लिहायची. आर्ग्युमेंटचं, म्हणजे फंक्शनला द्यायच्या माहितीचं, नाव बदललं तर त्यासाठी फंक्शनच्या वर लिहायची वेगळी ओळ (डेकोरेटर) आहे. फंक्शन एका मॉड्यूलमधून दुसरीकडे हलवलं तर जुन्या पत्त्यावरून मागणाऱ्याला ते मिळतं आणि सोबत सूचनाही मिळते. प्रत्येक वॉर्निंगमध्ये ज्या चर्चेतून हा बदल झाला तिचा क्रमांक असतो, म्हणजे रागच आला तर कुठे जाऊन वाचायचं ते माहीत. हा क्रमांक मला फार आवडतो. "हे आता चालणार नाही" एवढंच सांगणारी सॉफ्टवेअर्स पुष्कळ आहेत. "का" ते सांगणारी कमी.

उलट बाजूने, जे अजून पक्कं झालेलं नाही त्यावर "प्रायोगिक" असा शिक्का मारायचीही सोय आहे. तो असला की वापरणाऱ्याला आधीच कळतं की हे रीतसर मुदत न देता बदलू शकतं. माझ्या फंक्शनवर हा शिक्का असता तर मला तोंड दाखवायला थोडी जागा राहिली असती.

आणि क्रमाबद्दल म्हणाल तर सेजने मला चांगलंच लाजवलं. ग्राफचे शिरोबिंदू मागितले की पूर्वी ते आपोआप क्रमाने लावून मिळायचे. पायथन २ मध्ये कशाचीही कशाशीही तुलना होत असे, आकडा आणि शब्द यांचीसुद्धा, त्यामुळे ते खपून जायचं. पायथन ३ मध्ये अशा तुलनेला सरळ टाइप एरर येते. मग आपोआप क्रम लावणं सोडायचं ठरलं. पण मुकाट्याने सोडलं नाही. आधी वॉर्निंग आली की पुढे हा क्रम आपोआप लागणार नाही, हवा असेल तर सॉर्टचं आर्ग्युमेंट स्वतः द्या. यादीतले घटक तेच, बदल फक्त क्रमात, तरी दवंडी पिटली! मी नेमकं हेच केलं नव्हतं.

सेजचा दुसरा पहारेकरी म्हणजे डॉकटेस्ट. फंक्शनच्या माहितीत जी उदाहरणं दिलेली असतात तीच चाचण्या म्हणून चालवली जातात, आणि प्रत्येक फंक्शनला अशी उदाहरणं हवीत असा दंडक आहे. कुणी बदल केला आणि कुठल्या तरी कोपऱ्यातल्या उदाहरणाचं उत्तर हललं, तर चाचणी पडते. वॉर्निंग नव्याने छापली गेली तरी पडते, त्यामुळे सेजच्या स्वतःच्या कोडमध्ये जुनं नाव कुठे वापरलं जातंय तेही उघडं पडतं. वरवर पाहता ही साधी व्यवस्था आहे, पण तिच्यामुळे छापलेलं प्रत्येक उदाहरण म्हणजे एक छोटा करार होऊन बसतं. हा पहारेकरी उदाहरणाइतकाच हुशार असतो, हे मात्र मी −४ आणि −२० वरून शिकले.

आता कुरबुरी.

माझ्याकडे सेज ८ च्या काळातल्या साठेक फायली एका फोल्डरमध्ये पडून होत्या. मेलच्या प्रकरणानंतर त्या सगळ्या आताच्या आवृत्तीवर चालवून पाहिल्या. मधे काय घडलं ते आधी सांगते: १ जानेवारी २०२० ला सेज ९.० आलं आणि त्यात पायथन ३ हा नेहमीचा पायथन झाला. पायथन २ ची अधिकृत देखभाल संपली तीही त्याच तारखेला. त्याच वर्षी ९.२ मध्ये पायथन २ ला पूर्ण निरोप मिळाला. इथे सेजच्या हातात फारसं काही नव्हतं. तळमजलाच बदलत होता.

प्रिंटनंतर कंस नसलेल्या फायली पहिल्याच ओळीला आपटल्या. हे उत्तम. आपटलेली फाइल पाच मिनिटांत दुरुस्त होते. त्रास झाला तो एका न आपटलेल्या फाइलचा. तिच्यात n ला १ ते n पर्यंतच्या प्रत्येक k ने भागून, पूर्णांक भाग घेऊन, बेरीज करायची होती. १ ते n पर्यंतच्या सगळ्या संख्यांचे मिळून किती विभाजक होतात ते या बेरजेतून मिळतं. n = १० साठी उत्तर २७. फाइल साध्या पायथनची होती आणि मी आळसाने एकच तिरकी रेघ दिली होती, कारण पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार आपोआप पूर्णांकच यायचा. पायथन ३ मध्ये त्याच ओळीचं उत्तर २९.२८९६८ असं आलं. गंमत म्हणून तीच ओळ सेजच्या फाइलमध्ये टाकली, कारण तिथे सेजचा प्रीपार्सर, म्हणजे कोड चालायच्या आधी तो वाचून बदलणारा भाग, लिहिलेल्या आकड्यांना सेजचे पूर्णांक करतो आणि त्यांचा भागाकार अचूक अपूर्णांकात ठेवतो. उत्तर ७३८१/२५२.

एक ओळ आणि तीन उत्तरं. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी नियमाला धरून. यात सेजने काही मोडलं नाही, पायथनने हा बदल वर्षानुवर्षं आधी जाहीर केला होता, आणि दोन रेघा द्यायच्या ठिकाणी एक दिली ती मी. तरीही फोल्डर तपासताना मला सगळ्यात जास्त वेळ याच एका फाइलवर लागला, कारण आकडा आला की आपण त्यावर विश्वास ठेवतो.

सेजवर माझा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो एक वर्षाच्या मुदतीबद्दल आहे. सेजच्या वर्षाला तीन-चार आवृत्त्या येतात. दरवेळी अपडेट करणाऱ्याला वॉर्निंग तीन-चारदा दिसते आणि तो सुधारतो. पण दोन-तीन वर्षांनी एकदाच अपडेट करणारा माणूस घ्या, आणि गणितात असे खूप असतात, कारण पेपर संपेपर्यंत कुणी मशीनला हात लावत नाही. हा माणूस ज्या आवृत्तीवरून निघाला तिच्यात वॉर्निंग अजून आलेली नाही, आणि जिथे पोचला तिच्यात फंक्शनच गेलेलं. दवंडी पिटली खरी, पण तेव्हा हा गावातच नव्हता. त्याच्या हाती पडतं ते फक्त "असं नाव माहीत नाही." नवं नाव काय, कधी बदललं, का बदललं, सगळं वॉर्निंगसोबत पुसलं गेलेलं.

आवृत्तीच्या आकड्यावरूनही अंदाज येत नाही. पहिला आकडा बदलला की मोठी मोडतोड, असा संकेत सेज पाळत नाही. पायथन २ काढून टाकण्याइतकी मोठी गोष्ट ९.१ वरून ९.२ होताना झाली. आकडा पाहून धीर धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता गंमत पाहा. सेजच्या पोटातच असलेल्या पारीच्या जीपीमध्ये, म्हणजे पारीला आज्ञा द्यायच्या खिडकीत, या दुखण्यावर औषध आहे. तिथे व्हॉटनाउ नावाचं फंक्शन आहे. त्याला १.३९.१५ या पुराणकालीन आवृत्तीतलं एखादं फंक्शन विचारा, ते आजचं नाव आणि लिहिण्याची पद्धत सांगतं. "म्यू" विचारलं तर म्हणतं, आता "मोबियस" म्हणा. जुनं नाव चालवत बसायची जबाबदारी त्यांनी घेतलेली नाही, पण जुन्या माणसाला नवा पत्ता सांगायला दारात कुणीतरी बसवून ठेवलंय. याला खर्च किती? नावांची एक यादी. सेजने काढलेल्या प्रत्येक नावाची अशी वही ठेवली आणि नाव सापडलं नाही की ती उघडून पाहिली, तर माझा अर्धा आक्षेप तिथेच संपेल.

गॅपचा मार्ग तिसराच. जुनी नावं तिथे वेगळ्या फायलींत ठेवलेली असतात आणि सुरू करताना एक पर्याय दिला की ती सगळी बंद करता येतात. आपला कोड जुन्या नावांवर किती टेकलाय ते एका फटक्यात कळतं. पण याच गॅपने तिसऱ्या आवृत्तीवरून चौथीवर जाताना इतकं बदललं की शेव्ही या पॅकेजसाठी गॅप ३ अजूनही वेगळं सांभाळलं जातं. मोठी उडी मारली की मागे एक वस्ती राहतेच.

आता अवघड प्रश्न. जुनं उत्तरच चुकीचं असेल तर? माझं मत स्पष्ट आहे: चुकीचं उत्तर हे कुणाला दिलेलं वचन नसतं, त्याला वर्षाची मुदत देण्यात अर्थ नाही. पण इथेही सभ्यपणे वागता येतं, आणि त्याचा माझा आवडता नमुना आर या भाषेतला आहे. यादृच्छिक नमुना काढणाऱ्या सॅम्पल फंक्शनची जुनी पद्धत मोठ्या संचावर किंचित पक्षपाती होती. २०१९ मध्ये ३.६.० आवृत्तीत ती सुधारली. म्हणजे तेच सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) देऊनही आकडे वेगळे येणार आणि जुन्या पेपरांतले निकाल जसेच्या तसे निघणार नाहीत. म्हणून जुनी पद्धत नाव घेऊन मागण्याची सोय ठेवली. न मागता मिळतं ते बरोबर असतं, जुनं हवं तर तोंड उघडून मागा. पायथनमधल्या नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजनेही यादृच्छिक आकड्यांच्या बाबतीत वाट वेगळी केली: आकडे तयार करणारा जुना जनक जसाच्या तसा गोठवून ठेवला, आणि १.१७ मध्ये नवा आणला जो पुढे सुधारत जायला मोकळा आहे. त्याच नमपायच्या २.० मध्ये नुसती आकडा छापायची पद्धत बदलली तर किती जणांच्या डॉकटेस्ट पडल्या! तिथेही छपाई जुन्या पद्धतीने करून घ्यायचा पर्याय दिलेला आहे. तो शोधायला मला अर्धी दुपार लागली, ते सोडा.

साठवलेल्या फायलींबद्दल दोन शब्द. सेजमध्ये कुठलीही वस्तू सेव्ह करून ठेवता येते, आणि ती पायथनच्या पिकल पद्धतीने साठते. फाइलमध्ये त्या वस्तूच्या क्लासचं नाव आणि मॉड्यूलचा पत्ता असतो. उद्या क्लास दुसरीकडे हलला तर जुनी फाइल रिकाम्या घराची बेल वाजवत बसेल. सेजने यासाठी जुन्या पत्त्याची नव्याशी गाठ घालणारी नोंद ठेवण्याची सोय केली आहे, आणि ती कामही करते. तरी माझा सल्ला असा की आठवडाभर चालून आलेलं उत्तर असं कधी ठेवू नका. सहगुणक साध्या मजकुरात लिहून ठेवा. स्वल्पविराम डेप्रिकेट होत नाही.

मग घ्यावं का? फुकट आहे, तेव्हा "घ्यावं का" पेक्षा "विसंबावं का" असं विचारते. हो, पण सवयी लावून घेतल्या तर. माझ्या कित्येक फायलींच्या सुरुवातीला वॉर्निंग बंद करणारी ओळ होती. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून मीच घातलेली. ती आधी काढा. जुन्या आवृत्तीवरून एकदम ताज्या आवृत्तीवर उडी मारू नका. मधली एखादी आवृत्ती वेगळ्या कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये किंवा डॉकरमध्ये (मशीनवरच्या बाकीच्या सॉफ्टवेअरला धक्का न लावता वेगळी आवृत्ती चालवायच्या या सोयी) टाका, फायली तिथे चालवा, वॉर्निंग वाचा, दुरुस्त करा, मग पुढची पायरी. कंटाळवाणं आहे, पण माझ्या साठपैकी बहुतेक फायली याच जिन्याने वर आल्या. खालच्या रेघेने सुरू होणारी फंक्शन्स बाहेरून वापरू नका, ती घरातल्यांसाठी आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी कसलाही शब्द दिलेला नाही. पेपरसाठी वापरत असाल तर आवृत्तीचा आकडा पेपरमध्ये लिहा. शंभर ओळींच्या कोडपेक्षा तो एक आकडा पुढच्या माणसाच्या जास्त उपयोगी पडतो.

पाचपैकी चार. एक गुण त्या न ठेवलेल्या वहीसाठी कापला.

माझ्या पॅकेजचं पुढे असं झालं. वेग सोडवेना, म्हणून नवं लूप ठेवलं आणि शेवटी यादी जुन्या क्रमाने लावून द्यायला सुरुवात केली. त्यात जाणारा वेळ मोजून पाहिला, नगण्य निघाला, म्हणजे हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. एकक घटक देणारं वेगळं फंक्शन लिहिलं. उदाहरणांत −२३ घातला. माहितीत एक वाक्य वाढवलं की पहिला फॉर्म एकक असतो आणि यापुढेही असेल. हे लिहिताना हात जरा थबकला, कारण आता हे वचन झालं. मग त्या गृहस्थांना कळवलं. तुमचा कोड जसा आहे तसाच चालवा, एक अक्षर बदलू नका.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही एका ओळीचं. "−२३ ला ३, −४७ ला ५. लग्रांजला काही कळवलं नाही."